पाचव्या होलचा चर

मी आजवर चार बेटं केली आहेत. आमच्या ऑफिसात असंच म्हणतात, बेट ‘केलं’, जसे पोहे केले. त्यांतल्या एकाही बेटाला माझा पाय लागलेला नाही. नारळीखालून हिरवळ कुठे वळवायची, समुद्र कुठल्या वळणावर दिसू द्यायचा, चेंडू पडेल तिथला वाळूचा खड्डा किती खोल हवा, हे सगळं मी इंग्लंडात मेडनहेडला, एका गालिच्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पायाशी हीटर घेऊन ठरवलं. खिडकीतून समोरचं कार पार्क दिसायचं आणि त्यावरचं राखाडी आभाळ. गरम देशांतल्या रिसॉर्टांसाठी गोल्फचं मैदान आखणं हा आमचा धंदा, आणि त्या मैदानावरचं पाणी कुठून कुठे जाईल ते बघणं हे माझं काम.

गोल्फ मी इथे येईपर्यंत टीव्हीवरसुद्धा धड पाहिलं नव्हतं. मी चिपळूणची, सिव्हिल इंजिनिअर. पाणी मला कळतं, निदान तसा माझा समज होता. या नोकरीने मला व्हिसा दिला आणि त्या व्हिसाने मला या नोकरीला बांधून टाकलं. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर नवरा आणि मुलीसकट गाशा गुंडाळायचा. पाच वर्षं पूर्ण झाली की कायमचं राहता येतं. पण तेव्हाही मालकाचं पत्र लागतं, की या बाईची आम्हाला यापुढेही गरज आहे. लोक सुटका करून घ्यायला ज्या बेटांवर जातात ती बेटं मी आखत होते आणि स्वतः खुर्चीला खिळले होते. सुरुवातीला याची मला गंमत वाटायची. तिसऱ्या वर्षापासून राग यायला लागला.

मालकाला आम्ही घरात म्हातारा म्हणायचो. सत्तरी ओलांडलेला, ताठ, कमी बोलणारा. कोटाच्या वरच्या खिशात कायम एक आखूड पेन्सिल. दर शुक्रवारी चहानंतर तो नव्या होलचा, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतच्या पट्ट्याचा, नकाशा टेबलावर चिकटपट्टीने लावायचा आणि ऑफिसातल्या आम्हा चौघांना बोलवायचा. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवायचं, डोक्यावर एक बोट ठेवायचं आणि तिरकं दाबायचं. पेन्सिल सटकते आणि मागे एक रेघ सोडते. रेघ संपली तिथे तुमचा चेंडू. मग तिथून पुढचा फटका. वाळूत गेलात तर एक डाव बाद, पाण्यात गेलात तर दंड. कागदावर खेळताना ज्यात मजा येत नाही ते होल जमिनीवर खोदायचं नाही, हा त्याचा नियम होता. शाळेत शेवटच्या बाकावर मी वहीच्या पानावर हाच खेळ खेळायचे, फक्त आम्ही त्याला मोटारींची शर्यत म्हणायचो. त्यामुळे खऱ्या मैदानावर ज्या बाईला चेंडूला काठी लावता येत नव्हती ती कागदावर सगळ्यांना हरवायची. म्हाताऱ्याला ते फार आवडायचं.

चौथं बेट आलं तेव्हा मला तिथे अडीच वर्षं झाली होती. विषुववृत्ताच्या खालचं बेट. मधोमध डोंगर, आणि रिसॉर्टची जागा डोंगराच्या पूर्वेच्या पायथ्याशी, समुद्राला लागून. पावसाचे आकडे फक्त विमानतळाचे मिळाले, आणि विमानतळ होता डोंगराच्या पलीकडे, पश्चिम किनाऱ्यावर. म्हातारा सगळ्यांदेखत माझ्याकडे वळून म्हणाला, “तू मान्सूनच्या मुलखातली. साइटवर पाऊस किती धरायचा?”

अडीच वर्षांत मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. माझी मान ताठ झाली. मी डोंगर पाहिला, साइट डोंगराच्या पूर्वेला पाहिली आणि उत्तर तोंडातून निघूनच गेलं, “इथे कमी. डोंगराच्या पूर्वेला पाऊस कमीच असतो.” आमच्याकडे पाऊस पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, घाटावर आपटतो आणि पलीकडे जाईपर्यंत त्याचा दम संपतो. माझी आत्या घाटापलीकडे राहायची. आमच्याकडे अंगण पाण्याखाली असायचं आणि तिच्याकडे पापड वाळत असायचे. हे मी शाळेतल्या भूगोलाच्याही आधी शिकले होते, त्यामुळे तपासावंसं वाटलंच नाही. म्हाताऱ्याने मान डोलावली. इंग्लंडातही बहुतेक पाऊस पश्चिमेकडूनच येतो, तेव्हा त्यालाही काही खटकलं नाही. आम्ही दोघांनी मिळून मेडनहेडला बसून त्या बेटाचा पाऊस ठरवून टाकला. विमानतळाचे आकडे मी निम्मे केले आणि त्या हिशेबाने पाणी वाहून नेणारे नळ बसवले.

रिसॉर्टवाल्यांची एक अट होती, की नोकरांच्या खोल्या पाहुण्यांना कुठूनही दिसता कामा नयेत. पाचव्या होलच्या डाव्या अंगाला एक खोलगट जागा होती. मी तिथे बत्तीस खोल्या बसवल्या आणि मैदानाच्या बाजूने मातीचा उंचवटा घालून त्यावर झुडपं दाखवली. फटका मारायला उभं राहिलं की फक्त झुडपं आणि समुद्र दिसणार. म्हाताऱ्याने त्या जागेवर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं, ते कशाला लपवू?

साइटवर देखरेखीला एक बाई होती, माझ्याच वयाची, त्याच बेटावर जन्मलेली. दर सोमवारी ती मला कामाचे व्हिडिओ पाठवायची. काम सुरू होऊन सात-आठ महिने झाले असतील. एका सोमवारी तिचा सकाळचा व्हिडिओ आला. समुद्रातून सूर्य नुकता वर आलेला, आणि त्याच समुद्रावरून, सूर्याच्या खालून, पावसाची काळी भिंत सरळ साइटवर चालून येत होती. ती हसत आडोशाला पळाली आणि कॅमेऱ्यात म्हणाली, “बघा, आमचा पाऊस असा धावत येतो.”

मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. पाऊस आणि सूर्य एकाच बाजूने येत होते. मग मी जे दीड वर्षापूर्वी करायला हवं होतं ते केलं. दोन मिनिटं लागली. तिकडे वर्षभर वारा आग्नेयेकडून वाहतो. डोंगराची पूर्व बाजू ही तिथली चिपळूणची बाजू होती आणि पापड वाळायचे ते विमानतळावर. मी नव्याने गणित मांडलं. मोठा पाऊस झाला की डोंगराचं पाणी पाचव्या होलवरून थेट त्या खोलगट जागेत उतरणार, आणि माझ्या नळांना ते झेपणार नाही. खोल्यांच्या खिडक्यांच्या वर पाणी चढत होतं.

व्हिडिओच्या शेवटी तिने पावसातून तिची खोली दाखवली होती. अजून नुसत्या भिंती होत्या. रिसॉर्ट सुरू झालं की ती तिथेच नोकरीला राहणार होती आणि नोकरांच्या खोल्यांतली कोपऱ्यातली तिला मिळाली होती. ती म्हणाली, “आईला आणणार आहे मी इथे. तिला पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून खालची मागून घेतली.”

शेजारच्या स्लाऊ गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तिथल्याच एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करायचा. इंजिनिअर तोही आहे, पण माझ्या व्हिसावर आलेला, आणि त्याला मिळालं ते काम त्याने कुरकुर न करता धरलं होतं.

“अगं, अजिबात सांगू नकोस,” तो म्हणाला. “जेमतेम वर्ष राहिलंय आपलं. त्याने फायर केलं तर? सिक्स्टी डेज. हिची स्कूल, फ्लॅट, सगळंच गेलं.”

“अरे, पण तिथे माणसं राहणार आहेत.”

“मग ड्रॉइंग चेंज कर ना. रीझन कशाला सांगायला हवं?”

आमची मुलगी टेबलावर होमवर्क करत होती. तिने मान वर करून विचारलं, “आई, आपलं घर जाणार का?” मी नाही म्हटलं. ती पुन्हा वहीत डोकं घालून बसली.

आणि मी नवरा म्हणाला तेच केलं. पाचव्या होलच्या वरच्या अंगाला, हिरवळीला तिरका छेद देऊन, एक रुंद चर आखला. डोंगराचं पाणी त्यात उतरणार आणि खोल्यांना वळसा घालून समुद्राला मिळणार. म्हाताऱ्याला मात्र मी तो पाण्यासाठी म्हणून दाखवला नाही, खेळ म्हणून दाखवला. शुक्रवारी नकाशा टेबलावर लावून म्हटलं, “हे होल जरा सरळसोट वाटतं. मध्ये चर टाकला तर खेळणाऱ्याला ठरवावं लागेल, धाडस करून ओलांडायचा की अलीकडे थांबून दोन फटक्यांत जायचं.” आम्ही खेळलो. पाचांपैकी तिघांच्या पेन्सिली चरात गेल्या. म्हातारा धाडस करून ओलांडायला गेला आणि त्याची रेघ बरोबर काठावर थांबली. तो लहान मुलासारखा खूश झाला. “तुला खेळ कळायला लागला,” म्हणाला. मी हसले. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं आणि वर शाबासकी मिळाली होती, मग लाज वाटायला वेळ कुठे होता?

चर खोदला गेला. मैदान सुरू झालं. माहितीपत्रकावर फोटो छापला तो पाचव्या होलचा, आणि म्हातारा गिऱ्हाइकांना ‘हिचा चर’ म्हणून कौतुकाने सांगू लागला. तो असं म्हणाला की मी कार पार्ककडे बघत बसायचे. नोव्हेंबरात तो आम्हाला जवळच्या एका साध्या मैदानावर खेळायला घेऊन गेला. दरवर्षी न्यायचा. वारा कसा वाहतो ते मानेला कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी भिजलेल्या मोज्यांनी चिखलातून चालत होते, चेंडू पायाशीच घरंगळत होता आणि म्हातारा माझ्या शेजारी छत्री धरून धीर देत होता. या माणसाने माझ्याशी एकदा तरी वाईट वागावं, असं मला त्या दिवशी फार वाटलं. मला गप्प बसायला तेवढंच कारण मिळालं असतं.

मग पाहुण्यांच्या तक्रारी यायला लागल्या. चरात चेंडू हरवतात. वयस्कर लोकांना तो ओलांडता येत नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला हरायचं नसतं, असं रिसॉर्टच्या मॅनेजरने लिहिलं होतं. चर बुजवा आणि तिथे सपाट हिरवळ करा. तो मेल आला त्या सोमवारी सकाळीच मी माझ्या कायम राहण्याच्या अर्जासाठी लागणाऱ्या पत्राचा मसुदा सहीसाठी म्हाताऱ्याच्या टेबलावर ठेवला होता. दोन्ही कागद शेजारी शेजारी पडले होते.

“वाईट वाटतं,” तो म्हणाला. “चांगलं होल होतं. पण मैदान त्यांचं आहे. बुजवायचं ड्रॉइंग तूच कर, शुक्रवारपर्यंत. आणि हे पत्र मी वाचून सही करतो.”

मी ते ड्रॉइंग केलं. खरंच केलं, हे इथे लिहून ठेवते. मंगळवारी सुरू केलं आणि बुधवारी संपवलं. मनाशी म्हणत होते, पाठवायचं तर आहे शुक्रवारी, तोवर काहीतरी सुचेल. चर बुजवून खालून मोठा नळ घालता येईल का ते पाहिलं. पण त्यासाठी आख्खं होल पुन्हा उकरावं लागलं असतं, आणि का उकरायचं ते सांगावं लागलं असतं. कुठूनही निघाले तरी मी त्या एका वाक्यापाशी येऊन थांबत होते. खेळ म्हणून विकलेला चर खेळ म्हणूनच परत आला होता, आणि तो राहायलाच हवा हे माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. नवरा म्हणाला, “आता तरी थांब. लेटर हातात येऊ दे, मग बोल काय बोलायचं ते.” पत्र येणार, मग अर्ज, मग निकालाची वाट. तोवर चर बुजलेला असता आणि तिकडच्या पावसाचे महिने सुरू झालेले असते. मी त्याला चूक म्हणू शकले नाही. त्याने पाच वर्षं खोकी उचलली होती.

गुरुवारी साइटवरच्या बाईचा व्हिडिओ आला. ती आता रिसॉर्टमध्येच नोकरीला होती आणि त्या कोपऱ्यातल्या खोलीत राहत होती. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता. चर काठोकाठ भरून लाल पाणी नेत होता. तिने कॅमेरा वळवला. खोलीच्या उंबऱ्यावर तिची आई बसली होती, मांडीवर सूप घेऊन कसले तरी दाणे निवडत. तिच्या पायाखालची फरशी कोरडी होती. “आई म्हणते, ज्यांनी हे खोदलं त्यांचं भलं होवो,” ती म्हणाली. चर बुजणार आहे हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझ्यावरच होतं, कारण ड्रॉइंगवर सही माझी असणार होती.

शुक्रवारी चहानंतर म्हाताऱ्याने माझं बुजवलेलं पाचवं होल टेबलावर लावलं आणि पेन्सिल काढली. त्याने टोक टेकवलं तेव्हा मी नकाशावर हात ठेवला.

“हे बुजवायचं नाही,” मी म्हटलं. “तो चर खेळासाठी नव्हता. पाऊस मी चुकीच्या बाजूने धरला होता. नळ लहान आहेत. चर बुजवला तर सगळं पाणी खोल्यांमध्ये जाईल.”

म्हाताऱ्याने पेन्सिल माझ्या हातात दिली. “दाखव,” म्हणाला.

मी डोंगराच्या कडेपासून रेघ ओढायला सुरुवात केली. हिरवळीवरून, उंचवट्याच्या बगलेतून, खोलगट जागेत. मग पहिल्या खोलीतून, दुसऱ्या खोलीतून. मी एकही खोली सोडली नाही. कोपऱ्यातली शेवटची. बाकीचे तिघे एकेक करून आपल्या जागेवर गेले होते.

“कधीपासून माहीत आहे?”

“वर्ष झालं.”

“आणि मला म्हणालीस की होल सरळसोट वाटतं.”

“हो.”

“या पत्रासाठी?”

“हो.” त्यानंतर मला रडू आलं, आणि त्याचा मला जास्त संताप आला.

तो म्हणाला, “पाऊस तू चुकलीस. मीही तपासला नाही, ती चूक माझी. पण वर्षभर मला वेड्यात काढलंस, ती सर्वस्वी तुझी. आत्ता रिसॉर्टला लिही. खाली दोघांचं नाव घाल.”

मी लिहिलं. चर राहिला. रिसॉर्टने त्यावर दोन लाकडी पूल घातले आणि वयस्कर पाहुण्यांना चेंडू पलीकडून मारायची मुभा दिली. मैदानाचा दुसरा टप्पा मात्र त्यांनी दुसऱ्या फर्मला दिला.

माझं पत्र दहा दिवस त्याच्या टेबलावर बिनसहीचं पडून होतं. मी रोज येता-जाता बघायचे. घरात नवरा कामापुरतं बोलत होता. अकराव्या दिवशी पत्र माझ्या कीबोर्डवर ठेवलेलं सापडलं, खाली सही. ‘हिची आम्हाला यापुढेही गरज आहे.’ मी त्याच्या खोलीत जाऊन विचारलं, की अर्ज मंजूर झाला की मी राजीनामा द्यावा असं त्याच्या मनात आहे का. “मी खोट्या पत्रावर सही करत नाही,” तो कागदातून मान वर न काढता म्हणाला.

मंजुरीचा मेल आला त्या दिवशी नवऱ्याने शिरा केला. मुलगी सोफ्यावर नाचली. आता मला कुठेही नोकरी करता येणार होती, वाटलं तर घरी बसता येणार होतं. मला वाटलं होतं छातीवरचा दगड उठेल. उठला नाही. सोमवारी मी नेहमीच्याच ट्रेनने मेडनहेडला गेले, कारण पत्रात तसं लिहिलं होतं आणि ते मला खरं करून दाखवायचं होतं.

त्यानंतरचे सगळे शुक्रवार म्हातारा एकटाच खेळला, आम्ही नुसते बघत उभे राहायचो. गेल्या महिन्यात पाचवं बेट आलं. त्याने नकाशा टेबलावर पसरला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला एकटीला बोलावलं. मधोमध डोंगर, पूर्वेला मोकळी जागा.

“पाऊस कुठून येतो?” त्याने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“तिथे राहणाऱ्या कुणाला विचारलंस?”

“नाही.”

“मग आधी विचार,” तो म्हणाला. माझा हात सवयीने टेबलावरच्या पेन्सिलीकडे गेला होता. त्याने पेन्सिल परत आपल्या खिशात ठेवली आणि फोन माझ्याकडे सरकवला.